गालावरून दुर्बिणीची उंची ठरवणाऱ्या काकांना

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

आमच्या एअर रायफलवर तुम्ही दुर्बीण बसवून दिलीत, त्याबद्दल आभार मानायला घरी आलो तेव्हा तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय संपवलात आणि उसाकडे वळलात. माझं मन काही भरलं नाही. म्हणून हे पत्र, आणि सगळ्यांना वाचता येईल असं. कारण तुम्ही केलंत ते नुसतं चार स्क्रू आवळणं नव्हतं.

१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकलं आणि आमच्या लेकीने नेमबाजीचा ध्यास घेतला. शेतावर, मातीच्या उंच बांधापुढे कागदी टार्गेट लावून सराव करायचा म्हणून नळी मोडून भरायची, ०.१७७ इंची छर्र्याची स्प्रिंग रायफल घेतली. सोबत दुर्बीण आली, ती रायफलीवर धरणाऱ्या उंच रिंगा आल्या. सगळं घट्ट बसलेलं होतं. पण दहा-पंधरा छर्रे झाले की पोरगी मान चोळायची, आणि दुर्बिणीत पाहताना कधी वरून तर कधी खालून काळी चंद्रकोर दिसते म्हणायची.

रायफल तुमच्याकडे आणली तेव्हा तुम्ही रायफलकडे पाहिलंच नाहीत. तिला म्हणालात, "डोळे मीट. रायफल खांद्याला लाव, गाल आरामात टेकव. आता उघड." उघडल्यावर समोर काय दिसतं हे तुम्ही तिला विचारलंत, मला नाही. तिला दुर्बिणीचं खालचं कडं दिसत होतं. मग तीच कसरत माझ्याकडून करून घेतलीत, आणि दोघांच्या डोळ्यांच्या उंचीतला फरक कागदाची पट्टी लावून मोजलात. फौजेत आर्मरर म्हणून हत्यारांवर हात बसलेल्या माणसाने सुरुवात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या गालापासून करावी, याचं मला फार अप्रूप वाटलं. या पत्रातले पहिले आभार त्याचे.

तुमचं म्हणणं साधं होतं. या रायफलीचा दस्ता उघड्या नेमासाठी घडवलेला, म्हणजे गालाची जागा खाली. त्यावर दुर्बीण चढवली की डोळ्याला वर जावं लागतं, गाल सुटतो आणि लाकडावर नुसती हनुवटी टेकते. हनुवटीला कसला आधार? प्रत्येक वेळी डोकं थोडं वेगळ्या जागी येणार, आणि डोळा मधोमध नसला की दुर्बिणीतली फुली कागदावर स्थिर दिसूनही नेम सरकलेला असणार. जवळच्या अंतरावर तर हे जास्तच, कारण मोठ्या रायफलींच्या बऱ्याच दुर्बिणी शंभर यार्डांसाठी जुळवलेल्या असतात. आमची पुढच्या कड्यावर अंतर जुळवता येणारी निघाली, हे नशीब.

मग तुम्ही व्हर्नियर काढलात. दुर्बिणीची पुढची काच ४० मि.मी.ची, पण तिच्याभोवतीचं कडं धरून बाहेरचा व्यास ५० मि.मी. त्याचं निम्मं २५, वर दोन-तीन मि.मी. मोकळी जागा. म्हणजे रिंगा बसतात त्या रायफलीच्या खाचेपासून दुर्बिणीचा मध्य २८ मि.मी.वर आला की पुरे. आमच्या रिंगा त्याहून १३ मि.मी. उंच होत्या. "डब्यावर लो, मिडियम, हाय काय लिहिलंय ते वाचू नका. एकाचं मिडियम ते दुसऱ्याचं हाय. कोणी रिंगेच्या तळापर्यंत मोजतो, कोणी मध्यापर्यंत. किती मि.मी. आणि कुठून कुठपर्यंत, एवढंच दुकानदाराला विचारा." हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय. मी ५० मि.मी.च्या मोठ्या काचेची गोष्ट काढली तर तुम्ही तीही अडवलीत. दिवसाउजेडी २५ मीटरवर मोठी काच काही जास्त दाखवणार नाही, उलट दुर्बीण आणखी वर न्यावी लागेल.

उंचीचा हिशेब तुम्ही पोत्यावर बसून तिच्या वहीत मांडलात, तो भाग मला सगळ्यात आवडला. दुर्बीण नळीच्या वर असते, म्हणून छर्रा नजरेच्या रेषेखालून निघतो आणि हळूहळू तिच्याकडे चढतो. आमचा छर्रा सेकंदाला २४० मीटरच्या आसपास सुटतो आणि २५ मीटरवर जाईपर्यंत साधारण सहा सेंमी पडतो. २५ मीटरवर झिरो केलं, म्हणजे तिथे छर्रा बरोबर फुलीवर लागेल असं जुळवलं, तर खाचेपासून २८ म्हणजे नळीच्या मध्यापासून ४२ मि.मी. उंचीच्या दुर्बिणीत दहा मीटरवर छर्रा सुमारे एक सेंमी खाली लागतो. आमच्या जुन्या रिंगांच्या ५५ मि.मी. उंचीला तोच पावणेदोन सेंमी खाली. पाच मीटरवर फरक आणखी वाढतो. लेकीने प्रत्येक अंतराला टार्गेट लावून ताडून पाहिलं, आणि आकडे जवळजवळ तुमच्या वहीतलेच आले. त्या दिवशी तिचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. शाळेतली प्रक्षेप्य गती तिला तुमच्या बांधावर कळली.

तरी उंच माउंट, म्हणजे उंच रिंगांची बैठक, वाईटच असं तुम्ही म्हणाला नाहीत, हे इथे मुद्दाम नोंदवतो. लष्करातल्या सिग ७१६सारख्या रायफलींचा दस्ता नळीच्या सरळ रेषेत असतो, तिथे गालच वर टेकतो, मग नेमाची साधनंही उंच लागतात. थ्री पोझिशन्सचे खेळाडूही गुडघ्यावर, पोटावर आणि उभ्याने डोकं वेगवेगळं पडतं म्हणून आपल्या डायऑप्टरची, म्हणजे बारीक भोकातून पाहायच्या नेमाची, उंची बदलतात. "चष्मा नाकाला बसतो का ते बघायचं, दुसऱ्याच्या नाकाला नाही," हे तुमचं उत्तर होतं. म्हणून आमच्यासाठी तुम्ही बुटक्या रिंगा निवडल्यात आणि दस्त्यावर गालाखाली चामड्याची काढघाल करता येणारी गादी केलीत. माझ्यासाठी एक थर, तिच्यासाठी दोन. एक रायफल, दोन चेहरे, आणि दोघांनाही पूर्ण गोल दिसतो.

दुर्बीण मागेपुढे सरकवण्याचा प्रश्न अवघड होता. खाच आखूड, दुर्बिणीचा मधला फुगवटा रिंगेच्या आड येणारा, आणि तिची मान माझ्यापेक्षा आखूड. डोळ्यापासून काच आठ-नऊ सेंमीवर हवी. तुम्ही बूड पुढे आणि कडं मागे अशी ऑफसेट रिंग आणवलीत, आणि जागा ठरवताना झूम पूर्ण वाढवून ठेवलात, कारण तिथेच डोळ्याला सगळ्यात कमी मुभा असते. दुर्बिणीचं पुढचं टोक नळीच्या छर्रा भरायच्या तोंडावर येऊ दिलं नाहीत, नाहीतर नळी मोडल्यावर तिथे बोटं शिरली नसती. स्प्रिंगच्या रायफलीला आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका बसतो, त्याने माउंट खाचेवरून मागे सरकतं. त्यासाठी मागे अडसर बसवलात, खाच पुसून तेलाचा अंश काढलात. साध्या दुर्बिणी या झटक्याने आतून निकामी होतात हेही सांगितलंत.

आणि तो ओळंबा! झाडाला दोरी बांधून शिसं सोडलंत, रायफल सरळ धरून दुर्बिणीची उभी रेघ त्या दोरीला मिळवलीत, आणि मगच चारही स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळलेत. पाच अंशांचा कल राहिला तर २५ मीटरवर छर्रा साधारण अर्धा सेंमी बाजूला जातो, हे ऐकून मला खरंच आश्चर्य वाटलं.

त्यानंतरची कागदाची परीक्षा ज्यांना हे पत्र उपयोगी पडेल त्यांच्यासाठी लिहितो. कागदावर उभी रेघ मारायची, २५ मीटरला झिरो करायचं, मग दहा, पंधरा, वीस मीटरवरून त्याच रेघेवर नेम धरायचा. भोकं रेघेवर राहिली तर दुर्बीण नळीच्या बरोबर वर आहे. जवळ एका बाजूला आणि २५च्या पुढे दुसऱ्या बाजूला, सारख्या प्रमाणात गेली, तर दुर्बीण बाजूला सरकलेली आहे. दोन मि.मी.चा सरक असेल तर दहा मीटरवर सव्वा मि.मी. एका अंगाला आणि ५० मीटरवर दोन मि.मी. दुसऱ्या अंगाला. पण लांब जाईल तसं हे जाणं वाकत, वाढत गेलं तर दोष कलाचा. आमची भोकं रेघेवर आली.

स्पर्धेच्या दहा मीटर एअर रायफलमध्ये दुर्बीण चालत नाही, तिथे तिला डायऑप्टरच वापरावं लागेल. तेव्हाही उंचीचं गणित तुमच्याकडूनच करून घ्यायचं तिने ठरवलंय. गादीचा दुसरा थर आताच कमी पडायला लागलाय, पोरगी उंच होतेय. दिवाळीच्या सुट्टीत रायफल घेऊन येतो. वही पण आणतो, तुम्ही अर्धवट सोडलेलं ५० मीटरचं गणित तिला पूर्ण करून हवंय. काकूंना नमस्कार.

आपला,
लेकीचा बाप