हरिकेनचे पंख आणि तो लाल ठिपका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बालवाचकांच्या पानावर हॉकर हरिकेन या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचं छायाचित्र आलं होतं. त्याखाली ‘ब्रह्मदेश आघाडी, 1944, भारतीय हवाई दल’ अशी ओळ होती. काम नेटकं आहे, सांधे स्वच्छ आहेत. पण मॉडेलमध्ये चार चुका आहेत. नाक आखूड आहे, पंख बुडापासूनच वर उचललेले आहेत, मागच्या धडावरचं कापड झोळीसारखं लोंबतंय आणि चक्रचिन्हात, म्हणजे विमानावरच्या गोल राष्ट्रीय खुणेत, लाल ठिपका आहे. यातली एकही चूक त्या विद्यार्थ्याची नाही. चारही डब्यातूनच आल्या आहेत. स्वस्तात मिळणारे 1/72 प्रमाणातले बरेच संच जुन्या साच्यांचे असतात. ते टाकून देऊ नयेत. ते सुधारता येतात, मात्र कामाचा क्रम पाळावा लागतो. सुट्टीत हा उद्योग करणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना उपयोग व्हावा म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

सुरुवात फूटपट्टीने करावी, गोंदाने नाही. हरिकेनच्या पंखांचा विस्तार 40 फूट, म्हणजे 12.19 मीटर. त्याला 72 ने भागलं की 169.3 मि.मी. येतात. मार्क दोन या त्याच्या सुधारित आवृत्तीची लांबी सुमारे 32 फूट 3 इंच, म्हणजे मॉडेलमध्ये साधारण 136.5 मि.मी. आराखडा छापून घेतला असेल तर आधी त्यावरचा पंखविस्तार मोजा. संगणक ‘पानात बसवा’ या सोयीने चित्र गुपचूप चार-पाच टक्के आकसवतो आणि मग बरोबर असलेलं मॉडेलच चुकीचं वाटायला लागतं. सोलापूरच्या नवी पेठेत झेरॉक्स काढताना ‘शंभर टक्के’ असं बजावून सांगा आणि दुकानातच पट्टी लावून बघा.

आता नाक. मार्क दोनमध्ये मर्लिन 20 हे इंजिन आलं आणि विमानाचं नाक काही इंचांनी वाढलं. जुन्या संचांत पुष्कळदा धड मार्क एकचं आणि पंख चार तोफांचे, म्हणजे मार्क दोन-सीचे, अशी खिचडी असते. छायाचित्रातलं मॉडेल त्यातलंच. एकूण लांबीवरून मात्र निवाडा करू नये, कारण पंख्यापुढची टोपी वेगवेगळ्या लांबीची असे. वैमानिकाच्या पुढच्या काचेच्या बुडापासून टोपीच्या मागच्या तबकडीपर्यंतचं अंतर आराखड्याशी ताडून पाहा. जो फरक निघेल तेवढ्याच जाडीची पट्टी घालायची. 1/72 मध्ये तो एक-दोन मि.मी.चाच असतो, पण नजरेत भरतो. धडाचे दोन्ही भाग चिकटपट्टीने जोडून बारीक दातांच्या करवतीने एकदमच कापा, म्हणजे काप दोन्हीकडे एकाच रेषेत येतो. काप इंजिनाच्या कवचात, पंखाच्या पुढच्या कडेच्याही पुढे घ्यावा. तो मागे सरकला तर पंखाची बैठक बिघडते. पट्टी बाहेरून थोडी मोठी ठेवा आणि चिकटून वाळल्यावर घासून सारखी करा.

पट्टीसाठी प्लास्टिक कोणतं, यावर निम्मं काम अवलंबून आहे. मॉडेल पॉलिस्टायरीनचं असतं. डब्याच्या तळाशी त्रिकोणात 6 आकडा असेल तर ते प्लास्टिक चालतं. 5 आकड्याच्या डब्यांना कुठलाच गोंद धड धरत नाही. फलकवाल्यांकडचा सनबोर्ड वेगळ्या जातीचा, तोही नको. ज्या चौकटीतून भाग तोडले ती टाकू नका, घरातलं उत्तम पॉलिस्टायरीन तेच.

पंखांची चूक सर्वांत मोठी, आणि तिला हात लावायला लोक सर्वांत जास्त घाबरतात. हरिकेनच्या पंखाचा मधला भाग सपाट असतो. चाकं आत मिटतात ती त्याच भागात. चाकांच्या दांड्यांच्या जरा बाहेर सांधा आहे आणि तिथून पुढचा पंख साडेतीन अंशांनी वर जातो. संचात हा उठाव धडापासूनच दिला असेल तर विमान हरिकेनसारखं दिसतच नाही, मग रंग कितीही सुरेख असो. खालचा पंख दोन्ही सांध्यांवर सरळ कापून तीन तुकडे करा. मधल्या तुकड्याला धडाजवळ खालून रेघ ओढून तो सपाट करा आणि आतून 1 मि.मी. जाड, 3 मि.मी. रुंद पट्टी आडवी चिकटवून टाका, नाहीतर तो पुन्हा वाकतो. वरचे पंख आरपार कापू नका. त्याच सांध्यावर आतून खाच पाडून हलकेच वर वाकवा आणि खाच फेविक्विकने भरा.

उठाव किती, हे काढणं सोपं आहे. बाहेरच्या भागाची लांबी मोजून 0.061 ने गुणा. तो 65 मि.मी. भरला तर टोक सुमारे 4 मि.मी. वर हवं. मधला भाग काचेवर ठेवून टोकांखाली पत्त्यांची पानं रचली की एकेक पान घालून-काढून उंची जमवता येते. पान साधारण 0.3 मि.मी. जाड असतं. पण पानं मोजून समाधान मानू नका. पंख टोकाकडे पातळ होत जातो, त्यामुळे खालची बाजू जास्त उचललेली भासते आणि वरची कमी. माप पुढच्या कडेवर, सांध्यापासून टोकापर्यंत घ्यायचं. मधला भाग सपाट केल्यामुळे धडाशी वरच्या बाजूला फट पडते. ती लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरण्याचा मोह टाळा. तिथे प्लास्टिकची कातळी बसवा. लांबी आकसते आणि महिन्याभरात तिथेच रेघ उमटते.

गॅरेजवाल्याकडची ट्यूबमधली लांबी फक्त पातळ थरांत लावावी. जाड थर प्लास्टिक खातो. बारीक खड्ड्यांसाठी फेविक्विकमध्ये टाल्कम पावडर कालवलेली बरी, पण ती तासाभरात घासून घ्या. नंतर ती प्लास्टिकपेक्षा कडक होते आणि पॉलिश पेपर भोवतालचंच खातो.

मागच्या धडाविषयी विणकरांच्या गावात जास्त सांगायला नको. लाकडी पट्ट्यांवर ताणून बसवलेलं आणि वर डोप नावाचं ताण आणणारं वार्निश फासलेलं कापड ढोलकीच्या पुडीसारखं ताठ असतं. दोन पट्ट्यांमध्ये 0.3 मि.मी. खोल खळगा दाखवला, तर खऱ्या विमानात तो दोन सें.मी.हून खोल झाला. अशी झोळी करून कोणी उडत नाही. प्रायमरचे दोन भरगच्च थर द्या, मग 600 आणि 1000 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून पट्ट्यांच्या दिशेने फिरवा. पट्ट्या पार पुसू नका, तिरप्या उजेडात जेमतेम दिसल्या की थांबा. मार्क दोनच्या पंखांवर मात्र कापड नव्हतं, ते धातूचे होते. तिथे बरगड्या उठवल्या असतील तर सपाट घासा. पंखांच्या टोकांकडच्या हलत्या फळ्या आणि शेपटी एवढंच कापडी ठेवा.

20 मि.मी.च्या चार तोफांसाठी संचातल्या काड्यांपेक्षा इंजेक्शनची नवी, न वापरलेली सुई चांगली. 22 गेजची सुई बाहेरून 0.7 मि.मी. असते. पक्कडीने तोडली तर तोंड चेपतं, कानशीने घासून तोडावी. हे काम मोठ्यांनी करावं. काचेचं झाकण फेविकॉलने बसवा. फेविक्विकच्या वाफेने काच पांढुरकी होते.

रंगाबाबत सोलापूरचा उन्हाळा सोपा नाही. चाळिशी पार केलेल्या दुपारी पाण्याचा ॲक्रिलिक रंग फवाऱ्याच्या तोंडावरच सुकतो आणि मॉडेलवर रवाळ बसतो. सकाळी आठच्या आत फवारा. गाड्यांच्या रंगाचा थिनर थेट मॉडेलला लावू नका, प्लास्टिक विरघळतं. आणि पुसायला टॉवेल घेऊ नये, मग तो आपल्या गावचा का असेना. टर्किशचे तंतू ओल्या रंगात अडकले की निघत नाहीत. चष्म्याचं फडकं घ्या.

राहिला लाल ठिपका. जपानी विमानांवर लाल गोळा असे. घाईत आपल्याच विमानावर गोळी झाडली जाऊ नये म्हणून या आघाडीवर दोस्त राष्ट्रांच्या विमानांवरून लाल रंग काढला गेला आणि गडद निळ्या वर्तुळात फिकट निळा ठिपका आला. 1944 मध्ये इंफाळला भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन हरिकेनच उडवत होती. तिचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग, पुढे मार्शल ऑफ द एअर फोर्स झालेले. छायाचित्राखालची ओळ खरी ठरायची तर ठिपका बदलायलाच हवा. मधलं पांढरं कडंही त्यासोबत झाका. डिकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांचा, कागद जुना होऊन पिवळा पडला असेल तर पाण्यात घालण्याआधी खिडकीच्या काचेला आतून, चित्र बाहेर करून चिकटवा. आपल्या उन्हात दोन-तीन दिवसांत पिवळेपणा उतरतो. कागद ठिसूळ वाटला तर पाण्यात टाकण्यापूर्वी वरून पारदर्शक वार्निशचा एक हात द्या.

त्या विद्यार्थ्याला आमचा निरोप कळवावा. झालेलं मॉडेल मोडू नकोस. नाक आणि पंख पुढच्या संचात सुधार. ठिपका मात्र आजच बदलता येईल. गडद निळ्यात पांढरा मिसळून फिकट निळा कर, बारीक कुंचल्याने दोन पातळ हात दे, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा.

आपले,
प्लास्टिक मॉडेल करणारे काही वाचक, सोलापूर