पाळकांविषयी ग्रुपवर लिहिण्याआधी

सर्वांना प्रभू येशूच्या नावात सलाम. आपल्या पाळकसाहेबांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) रविवारच्या उपदेशाची अर्धीच क्लिप काल इथे फिरली आणि खाली त्यांच्याविषयी जे लिहिलं गेलं ते वाचून फार वाईट वाटलं. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा अध्याय १८ काढून बघा, अपुल्लो हा उपदेशक एवढा शास्त्रपारंगत पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा (पश्चात्तापाचा पाण्यातला विधी) ठाऊक होता, म्हणजे त्याची शिकवण अपुरी होती, तरी प्रिस्किल्ला आणि अक्विला या ख्रिस्ती जोडप्याने त्याची चारचौघांत शोभा केली नाही, जवळ घेऊन नीट समजावलं. बायबलमधल्या बिरुया गावच्या लोकांसारखं ऐकलेलं शास्त्रात ताडून बघाच, ते आपलं कामच आहे, पण शंका आधी पाळकसाहेबांना भेटून विचारा. पैशाचा किंवा लेकरांच्या सुरक्षेचा विषय असेल तर मात्र अजिबात झाकू नका, लगेच चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीला सांगा, गरज पडली तर पोलिसांनाही. आणि क्लिप टाकायची तर पूर्ण टाका प्लीज.