मेट्रो स्टेशनच्या नावामागचा माणूस

मॉन्ट्रियल

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, आमच्या निळ्या लाइनवरच्या ‘दिबरव्हिल’ स्टेशनचं नाव कोणावरून, असं तुम्ही विचारलं होतंत. फोनवर मावणारी गोष्ट नाही, म्हणून लिहितेय.

पिएर ल म्वान दिबरव्हिल १६६१ मध्ये इथेच, मॉन्ट्रियलमध्ये जन्मला. म्हणजे फ्रान्सच्या नव्हे, इथल्या फ्रेंच वसाहतीच्या मातीतला. वडील फ्रान्समधल्या दिएपहून नोकर म्हणून आले आणि व्यापारी-जमीनदार झाले. १६८६ मध्ये हा शंभरेक माणसांबरोबर होड्या खांद्यावर वाहत, नद्या ओलांडत जेम्स उपसागरापर्यंत (हडसन उपसागराचं दक्षिण टोक) गेला. तिथल्या इंग्रजांच्या मूस किल्ल्यात घुसला, तर मागे दार बंद झालं! एका हातात तलवार, दुसऱ्यात बंदूक घेऊन एकटाच लढत राहिला, बाकीचे दार फोडून आत येईपर्यंत.

हे सगळं कशासाठी? बीव्हर नावाच्या पाणथळ प्राण्याच्या कातड्यांसाठी. युरोपात त्यांच्या टोप्यांची फॅशन होती.

५ सप्टेंबर १६९७ ची लढाई तुम्हाला आवडेल. त्याचं ‘पेलिकाँ’ हे ४४ तोफांचं जहाज बर्फामुळे सोबत्यांपासून तुटून हडसन उपसागरात एकटंच पुढे पोचलं होतं. तीन शिडं दिसली. आपलीच असतील म्हणून खुणा केल्या, पण उत्तर नाही. इंग्रज होते! त्याचे काही खलाशी किनाऱ्यावर, काही स्कर्व्हीच्या आजाराने आडवे. तरी भिडला. ‘हॅम्पशायर’ सगळ्या माणसांसकट बुडालं, दुसरं शरण आलं, तिसरं पळालं. त्याचंही जहाज वादळात फुटलं, पण मागची जहाजं आली आणि आठवड्याभरात तिथला इंग्रजांचा यॉर्क किल्ला पडला. आणि १७१३ च्या तहात फ्रान्सने हा सगळा उपसागर इंग्रजांना देऊन टाकला. एवढी मर्दुमकी एका सहीत गेली.

पण मला त्याचं कौतुक पुरतं करवत नाही. १६९६-९७ च्या हिवाळ्यात न्यूफाउंडलंड बेटावर त्याने इंग्रजांच्या ३६ वस्त्या उद्ध्वस्त केल्या. तिथे राहणारे बहुतेक मासेमारी करणारे गरीब लोक होते, ऐन थंडीत घरं गेली त्यांची. स्टेशनच्या पाटीवर हे कोण लिहिणार!

आई, तुझ्यासाठी खास: एका मुलीला फसवल्याबद्दल १६८८ मध्ये क्वेबेकच्या न्यायसभेने त्याला दोषी ठरवलं. मूल पंधरा वर्षांचं होईपर्यंत खर्च द्यायचा हुकूम झाला. लग्न मात्र त्याने दुसरीशीच केलं.

पुढे १६९९ मध्ये मिसिसिपीचं मुख शोधून लुइझियाना या फ्रेंच वसाहतीची सुरुवात त्यानेच केली. न्यू ऑर्लिन्स वसवलं त्याच्या धाकट्या भावाने. १७०६ मध्ये कॅरिबियनमधलं इंग्रजांचं नेव्हिस बेट लुटलं आणि त्याच वर्षी हवानात मेला. मागाहून या मोहिमेच्या हिशेबात अफरातफर निघाली, चौकशी वर्षानुवर्षं चालली, भुर्दंड बायकोला.

बाबा, तुमचं मत कळवा. आणि आई, गुडघ्याचा एक्स-रे काढलास का? रिपोर्ट व्हॉट्सॲपवर टाक, नुसतं ‘बरं आहे’ म्हणू नकोस.

तुमची लेक