घरी शिकवायला येणाऱ्याची हमी कोणी द्यायची?

मा. शिक्षणमंत्री,
गोवा राज्य

सप्रेम नमस्कार.

‘मनीस बरो मू?’ मुलाच्या शिकवणीसाठी आलेला जवळजवळ प्रत्येक फोन शेवटी या प्रश्नावर येऊन थांबतो. फी किती, वेळ कुठली, दहावीचा पोर्शन कधी संपवणार, हे सगळं विचारून झालेलं असतं. मग आवाज थोडा खाली जातो आणि आई विचारते, माणूस बरा आहे ना? गणित कसं शिकवतो ते मी सांगू शकते. या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे नसतं, आणि हे पत्र त्यासाठीच आहे.

फोंड्याला राहून मी आणि माझा भाऊ खासगी शिकवणी घेणाऱ्यांची ऑनलाईन यादी चालवतो. तालुका, विषय आणि इयत्ता निवडली की नावं दिसतात. सुरू करताना वाटलं होतं, वेबसाईट उभी राहिली की झालं. वेबसाईट पंधरा दिवसांत उभी राहिली. गोव्याने मात्र अजून दमवायचं सोडलेलं नाही. साधं गावाचं नाव घ्या. कोणी डिचोली शोधतं, कोणी बिचोलिम. साखळीचं सांकेलिम होतं, पेडण्याचं पेर्नेम. एका गावाची तीन-तीन स्पेलिंगं भरली, तेव्हा कुठे शोध धड चालू लागला. अंतराचं तर विचारूच नका. नकाशा म्हणतो चोडण रायबंदरपासून हाकेच्या अंतरावर आहे. मध्ये मांडवी नदी आहे, फेरीबोटीची रांग आहे, आणि संध्याकाळी सात वाजता शिकवून परतणाऱ्या बाईंना ती रांग चुकत नाही, हे नकाशाला कोण सांगणार? शेवटी आम्ही किलोमीटर काढून टाकले आणि ‘कुठल्या गावांत जाता?’ एवढंच विचारू लागलो.

सगळ्यात जास्त मागणी कशाला आहे, ठाऊक आहे? बारावीच्या फिजिक्सला असेल असं मलाही वाटायचं. पण आमच्याकडे सर्वाधिक फोन येतात पाचवीसाठी. चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी शाळेत शिकलेलं मूल पाचवीत एकदम इंग्रजीत पडतं. ‘अपूर्णांक’ त्याला येतो, ‘फ्रॅक्शन’ म्हटलं की ते गप्प होतं. पालकांना हवी असते ती इंग्रजी पुस्तक मराठीत समजावणारी बाई. म्हणून विषयाच्या शेजारी आम्ही ‘कुठल्या भाषेत समजावता?’ असा रकाना घातला. बाहेरच्या मोठ्या याद्यांत काणकोण शोधलं की दुसऱ्या राज्यातली माणसं समोर येतात. हा रकाना त्यांना कसा सुचणार?

पैशाचं थोडक्यात सांगते. दलाली आम्ही घेऊन पाहिली. एकदा पालक आणि सर फोनवर बोलले की मधला माणूस कोणाला आठवत नाही, त्यामुळे आता वर्षाची ठरावीक वर्गणी आहे. फोन नंबर पूर्वी उघड दाखवायचो. रात्री अकरा वाजता एका बाईंना नको ते फोन येऊ लागले, तेव्हा नंबर झाकले. आता विचारणा आधी शिक्षकाकडे जाते आणि त्याने होकार दिला तरच नंबर पुढे जातो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येकजण बालक, म्हणून मुलाचं नाव आम्ही घेतच नाही, नोंदणी पालकाच्याच नावावर.

एवढं सगळं आमचं आम्ही निस्तरलं. एक गोष्ट आमच्या हातात नाही.

केंद्राने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या 50 पेक्षा जास्त विद्यार्थ्यांच्या सेंटरसाठी आहेत. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या पडवीत, सहा मुलं घेऊन बसणारी विधवा बाई किंवा स्कूटरवरून घरोघरी जाणारा बीएस्सीचा मुलगा त्यांत येत नाही, आणि येऊही नये असंच माझं मत आहे. पण बंद दाराआड मुलासोबत एकटा बसतो तो हाच माणूस. नेमक्या त्याच्याबद्दल कोणाकडेच कागद नाही.

आम्ही पदवीची प्रत मागतो, ओळखपत्र बघतो. चारित्र्याचा दाखला आणा म्हणून आमच्या यादीतल्या एका बाईंना पोलीस स्टेशनात पाठवलं. ‘नोकरी कुठे लागली?’ असं त्यांना विचारलं. नोकरी नाही, शिकवणी घेते म्हटल्यावर समोरच्याला कुठला अर्ज द्यावा तेच कळेना. तीन फेऱ्यांनंतर बाईंनी नाद सोडला. दोष त्या हवालदाराचा नाही, त्याच्या टेबलावर या कामासाठी रकानाच नव्हता.

आणखी एक अडचण आहे, थोडी नाजूक. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 28 शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणीची बंदी करतं. तरी बायकोच्या नावावर नोंदणी करून शिकवायला स्वतः येणारे सर आम्हाला भेटले आहेत. समोरचा माणूस शाळेत नोकरीला आहे की नाही, हे मी कसं तपासू?

म्हणून मागणी एकच. ‘गोवा ऑनलाईन’ या सरकारी संकेतस्थळावरून आज उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला मागता येतो. तिथेच ‘घरगुती शिकवणी’ असा एक अर्ज ठेवा. ज्याला हवा त्यानेच तो करावा. पोलीस पडताळणी आणि शाळेत नोकरीला नसल्याची खातरजमा, या दोन गोष्टी झाल्या की वर्षभराचा क्रमांक मिळावा. तो टाकून पालकाला फक्त ‘वैध’ किंवा ‘अवैध’ दिसावं, पत्ता-फोन काही नाही. सक्ती मात्र कृपा करून करू नका. परवाना सक्तीचा केला की बाल्कांवातली बाई आधी घाबरेल आणि ज्याच्यासाठी तो काढला तो माणूस यादीबाहेर राहून शिकवत राहील. फी ठेवलीच तर तिला एका विद्यार्थ्यामागे महिन्याला मिळणाऱ्या फीपेक्षा कमी ठेवा.

शाळेचे वरचे वर्ग आता एप्रिलात सुरू होऊ लागल्यापासून आमचे फोन मार्चमध्येच वाजू लागतात. त्याआधी हा अर्ज उघडला, तर आमच्या प्रत्येक नावाशेजारी क्रमांकासाठी जागा रिकामी ठेवलेली आहे.

आपली,
फोंड्याची एक यादीवाली