कुलाब्यातून परत फिरलेल्या लेकीस पत्र

कोल्हापूर,
रविवार

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलेस की कुलाब्यात एका चित्रदालनाच्या दारापर्यंत जाऊन तू परत फिरलीस. दार बंद होते, घंटा वाजवावी लागणार होती आणि ‘ही काय विकत घेणार’ अशा नजरेने आतली माणसे पाहतील असे तुला वाटले. तेवढ्यात फोन तुझ्या आईने घेतला आणि बोलणे गॅसच्या नोंदणीवर गेले. मला जे सांगायचे होते ते राहून गेले, म्हणून हे पत्र.

हा संकोच मला चांगला ठाऊक आहे. आर्ट टीचर डिप्लोमाच्या वर्षी आम्ही सहा मुले महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईस गेलो होतो, आणि जहांगीर आर्ट गॅलरीच्या पायऱ्यांशी अर्धा तास घुटमळत उभे होतो. अखेर पावसाची सर आली म्हणून आत शिरलो. आत एक वयस्क चित्रकार आपल्या चित्रांजवळ खुर्ची टाकून बसले होते. कुठून आलात एवढे विचारून त्यांनी आम्हांला एका निसर्गचित्रापुढे उभे केले आणि झाडाखालची सावली काळी न रंगवता जांभळी का रंगवली, हे इतक्या तपशिलाने समजावले की पुढे तीस वर्षे वर्गात मी तेच सांगत आलो.

तेव्हा तूही सुरुवात जहांगीरपासूनच कर. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ही गॅलरी 1952 साली उभी राहिली, आणि तिच्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत चित्रकार हेब्बर यांच्याबरोबर अणुशास्त्रज्ञ होमी भाभाही होते. प्रवेशाला पैसे लागत नाहीत, प्रदर्शने साधारण आठवड्याला बदलतात, आणि तिथली भिंत मिळावी म्हणून कलावंत वर्षानुवर्षे थांबलेले असतात. त्यामुळे आपल्या चित्रांजवळ बसलेला माणूस कोणी तरी विचारील याचीच वाट पाहत असतो. सगळीच प्रदर्शने चांगली असतात असे मी म्हणणार नाही. गणपती, घोडे आणि वाराणसीचे घाट यांचा तिथे अतिरेक होतो. पण वाईट चित्रही रंगवणाऱ्याच्या शेजारी उभे राहून पाहिले की काही तरी शिकवते. बाहेरच्या पदपथावर चित्रे मांडून बसणाऱ्यांनाही ओलांडून जाऊ नकोस; त्यांच्यातल्या काहींचा हात फार सफाईचा असतो. आमच्या वेळी गॅलरीत ‘समोवार’ नावाचे उपाहारगृह होते, तिथे एका चहावर आम्ही दुपार काढली. ते 2015 मध्ये बंद झाले, याची हळहळ मला अजून वाटते.

आणि संकोच वाटलाच, तर आरांना आठव. 1947 साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा चित्रकारांचा गट स्थापन झाला, त्यांतले कृष्णाजी आरा घरगडी म्हणून राबलेले आणि मोटारी धुतलेले होते. हुसेन सिनेमाची पोस्टरे रंगवीत. आज ज्यांची चित्रे पाहायला सूटबूट घालून लोक येतात, त्यांच्यापैकी कित्येकांना त्या काळी तसल्या दारावरच्या शिपायाने हटकले असते.

शेजारच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तू ‘दोन तासांत सगळे’ पाहिलेस म्हणालीस. ते पाहणे झाले नाही, चालणे झाले. पुन्हा जा आणि एकच दालन निवड. मी लघुचित्रांचे निवडीन. अकबराच्या चित्रशाळेतील ‘अन्वार-ए-सुहैली’ या सचित्र हस्तलिखिताची पाने तिथल्या संग्रहात आहेत. नाव फारसी असले, तरी त्यांतल्या गोष्टींचे मूळ आपल्या पंचतंत्रात आहे. मांडलेली असतील तर तळहाताएवढ्या जागेतले प्राणी आणि झाडांची पाने किती बारीक कुंचल्याने काढली आहेत, ते काचेला नाक लावून पाहा. नसतील, तर सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपातून आलेली भाजलेल्या मातीची बुद्धमूर्ती पाहा. इमारतीसाठीही बाहेर थोडे थांब. वास्तुकार जॉर्ज विटेट यांनी घुमटाची प्रेरणा विजापूरच्या गोल घुमटावरून घेतली, आणि भिंतींना कुर्ल्याचा व मालाडचा दगड वापरला. इमारत 1914 मध्ये पुरी झाली, पण महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होते आणि लोकांसाठी ती 1922 साली उघडली.

रस्त्यापलीकडे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, म्हणजे तुम्ही ज्याला एनजीएमए म्हणता ते. ही इमारतही विटेट यांचीच, 1911 सालची, आणि मुळात सभा-संगीताचे सभागृह. आतून बदल करून 1996 मध्ये तिथे संग्रहालय सुरू झाले. जिना चढत गेलीस की अर्धवर्तुळाकार दालने एकावर एक लागतात, आणि सर्वांत वर घुमटाखाली पोहोचतेस. माझा सल्ला असा की प्रथम थेट वर जावे आणि पाहत पाहत खाली उतरावे, कारण वर पोहोचेपर्यंत डोळे थकतात आणि तिथल्या चित्रांवर अन्याय होतो.

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयासाठी मात्र पूर्ण दिवस राखून ठेव. हे मुंबईतले सर्वांत जुने संग्रहालय, 1872 साली राणीच्या बागेच्या आवारात लोकांसाठी उघडले. गोव्यातल्या मांद्र्याहून आलेले भाऊ दाजी हे डॉक्टर, पण संस्कृत आणि शिलालेखांतही तितकेच गढलेले. त्यांनी व जगन्नाथ शंकरशेट यांनी त्यासाठी खटपट केली, तरी भाऊ दाजींचे नाव लागायला 1975 साल उजाडले. मोठी डागडुजी होऊन 2008 मध्ये ते पुन्हा उघडले. मातीच्या लहान मूर्तींमधून तिथे जुन्या मुंबईतल्या नाना जातीजमाती, त्यांचे पोशाख आणि पगड्या दाखवल्या आहेत; तुझ्या आजोबांच्या पागोट्याचा घाट तिथे सापडतो का ते पाहा. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. 1864 साली इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो फुटला, आणि तुकडे जोडून पुन्हा उभा केला गेला. त्याच आवारात सातवे एडवर्ड बसलेला काळा घोडाही आहे, जो 1965 मध्ये जहांगीरजवळच्या मूळ जागेवरून हलवला गेला. नाव मात्र तिकडेच राहिले, आणि आता त्या चौकात स्वाराविना नवा घोडा उभा आहे.

आता त्या घंटेविषयी. खासगी दालने प्रदर्शन भरवतात ते लोकांनी पाहावे म्हणूनच, आणि आत जाण्याचे पैसे सहसा घेत नाहीत. घंटा वाजवावी, नमस्कार करावा, टेबलावरचा माहितीचा कागद मागून घ्यावा. किमतीची यादीही तिथेच असते, आणि लाल ठिपका म्हणजे चित्र विकले गेले. पहिला प्रयोग फोर्टातल्या केमोल्डवर कर. केकू आणि खोर्शेद गांधी यांनी ही गॅलरी 1963 साली जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर सुरू केली आणि 2007 मध्ये ती प्रेस्कॉट रोडवरच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गेली. तिथले काम मला प्रत्येक वेळी कळतेच असे नाही. न कळलेल्या चित्रापुढे पाच मिनिटे उभे राहायला मात्र मी आता लाजत नाही.

पुढच्या महिन्यात मी चार दिवस येत आहे. सोमवारी एनजीएमए बंद असते आणि बुधवारी भायखळा, तेव्हा रजा मंगळवारी आणि गुरुवारी टाक. कुलाब्याच्या त्या दारावरची घंटा तू वाजव. मी मागे उभा राहीन.

तुझे
बाबा