सूचना : जॅम देणाऱ्या टी.वाय.बी.एस्सी.च्या सभासदांसाठी

आयआयटीतल्या एम.एस्सी.साठीची जॅम परीक्षा फेब्रुवारीत असते, पण अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच घेतात. 'दिवाळीनंतर बघू' म्हणाल तर वर्ष गेलंच.

पेपर ३ तासांचा, ६० प्रश्न, १०० गुण. पहिल्या ३० प्रश्नांत उत्तर चुकलं की त्या प्रश्नाच्या एकतृतीयांश गुण कापले जातात. पुढच्या १० प्रश्नांत एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात. तिथे कापाकापी नाही, पण एक जरी बरोबर पर्याय सुटला तरी शून्य. शेवटच्या २० मध्ये उत्तराचा आकडा टाइप करायचा, तिथेही गुण कापत नाहीत. तेव्हा हे शेवटचे ३० कोरे सोडणं निव्वळ वेडेपणा.

स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. स्क्रीनवरचा माउसने चालवावा लागतो, आणि सवय नसेल तर वेळ तिथेच जातो. जुने पेपर त्यावरच सोडवा.

ओबीसी सभासदांनी नॉन-क्रीमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यातला काढावा. राज्याचा चालत नाही. सेतूत अर्ज देतानाच तसं बजावून सांगा.

निकालानंतर आयआयटी प्रवेशाचा अर्ज वेगळा भरावा लागतो. एनआयटीसाठी सीसीएमएन या सामाईक प्रवेशप्रक्रियेची नोंदणी आणखी निराळी.