टेकडीवर पाट्या लावायच्या तर पहिली गवताची लावा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर वाटेवाटेला माहितीच्या पाट्या हव्यात हा विषय आमच्या सकाळच्या ग्रुपमध्ये मधूनमधून निघतोच, आणि निघाला की लगेच यादी सुरू होते, मोर, पळस, काटेसावर, तांबट, मग कुणीतरी म्हणतं क्यूआर कोड टाका म्हणजे काम झालं. पाट्या मलाही हव्यात. पण या यादीत गवत कधीच नसतं, म्हणून हे पत्र.

टेकडीचा बराच भाग मुळात गवताळ माळ आहे. मधे मधे सालई, मोई, मेडशिंगी, गणेर अशी विरळ झाडं आणि बाकी गवत. उन्हाळ्यात ते वाळून पिवळं पडतं आणि लोकांना वाटतं अरेरे, केवढा ओसाड माळ, इथे झाडं लावली पाहिजेत. मग जुलै उजाडला की सारखे टी-शर्ट घातलेली मंडळी येतात, चांगल्या गवतात खड्डे खणतात, रोपं लावतात, फोटो काढतात आणि जातात. त्यांचा हेतू वाईट नसतो हो, पण आपण काय उपटतोय हे त्यांना सांगणारं तिथे काहीच नाही. माझ्या मते पाटीचं खरं काम तिथे आहे. मोर काय, पाटी नसली तरी लोक मोर बघतातच.

गवताची पाटी कशी असावी हेही सांगतो. पावसाळा संपल्यावर टेकडीवर फिरून आलात की मोज्यांना कुसळं, म्हणजे गवताच्या टोकदार, शेपटीवाल्या बिया, चिकटतात आणि आपण वैतागून उपटून फेकतो. पाटीवर फक्त एवढं लिहा: 'मोज्यातलं एक कुसळ काढा, तळहातावर ठेवा, थुंकीचं बोट लावा आणि बघत राहा.' ओलं झालं की त्याची वळलेली शेपटी उलगडायला लागते आणि कुसळ हातावर स्वतःहून फिरतं. पोरं तर किंचाळतातच, मोठे पण दोनदा करून बघतात. मग खाली दोन ओळी, की पाऊस-दव पडलं की असंच फिरत फिरत हे बी जमिनीत घुसतं, आणि आत गेलेलं बी वरून वणवा गेला तरी बऱ्याचदा वाचतं. झालं! शास्त्रीय नाव, कुळ, उपयोग वगैरे कोपऱ्यात बारीक अक्षरात टाकायचं तर टाका, नाही टाकलं तरी कुणाचं अडत नाही.

दुसरी पाटी टिटवीची. आत्ता सूचना म्हणून जे काही असतं ते सगळं 'करू नये' छाप असतं, कुत्री मोकळी सोडू नयेत, वाट सोडू नये, आणि कारण न सांगितल्यामुळे कुणी ऐकत नाही. त्यापेक्षा असं लिहा की टिटवी घरटं बांधत नाही, उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर खड्यांमधे अंडी घालते, अंड्यांचा रंग मातीसारखा, वर काळे ठिपके, पायाशी असली तरी दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत असेल तर तुम्ही अंड्यांच्या जवळ आलात, आल्या पावली मागे फिरा. हे वाचलेला माणूस कुत्र्याचा पट्टा आपण होऊन धरेल असं मला तरी वाटतं. फक्त ही पाटी प्रत्यक्ष अंड्यांच्या जागेजवळ लावू नका, टेकडी चढायला सुरुवात होते तिथे लावा, नाहीतर लोक शोधत बसतील.

गिरीपुष्पाची पाटी मात्र हवीच, आणि ती जरा स्पष्ट हवी. फेब्रुवारी-मार्चमधे गुलाबी फुलं आली की सगळे सेल्फी काढतात, पण हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, आपल्याकडच्या टेकड्यांवर मुद्दाम लावलेलं, कारण फांदी खोचली तरी जगतं, भराभर वाढतं आणि गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. हिरवाई झटपट झाली खरी, पण त्याच्या दाट रांगांखाली बघा, माळावरचं गवत जवळजवळ गायब. कुणाला दोष द्यायची गरज नाही, काय झालं ते सांगा, पुढचं लोक बघून घेतील.

आणि जुनी दगडखाण! तिथे टेकडी आतून कापलेली आयती दिसते. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा हा काळा दगड, जो आपल्या घरांच्या जोत्यात नाहीतर रस्त्याच्या खडीत असतो. हे सांगायला चार वाक्यं आणि एक बाण पुरे.

आता थोडं पाटीच्या रूपाबद्दल. उभा बोर्ड फक्त सुरुवातीला, नकाशासाठी. वाटेवरच्या पाट्या कमरेएवढ्या, तिरक्या, म्हणजे वाचून मान वर केली की समोर तीच गोष्ट दिसली पाहिजे, आणि लहान पोरालाही वाचता आली पाहिजे. मजकूर सत्तर-ऐंशी शब्दांच्या वर नको, सकाळी घाम गाळत आलेला माणूस निबंध वाचत नाही. भाषा आधी मराठी. फ्लेक्स तर अजिबात नको, दोन उन्हाळ्यांत पांढरा पडतो. झाडाला खिळे ठोकून पाटी लावणार असाल तर न लावलेली बरी, झाडांचे खिळे उपटून काढायच्या मोहिमा याच शहरात झाल्यात. आणि एक नाजूक विषय, 'संकल्पना' म्हणून खाली ज्यांचं नाव येतं त्यांचा फोटो पक्ष्याच्या फोटोपेक्षा मोठा नसावा, किंबहुना नसावाच (हे होणार नाही माहिती आहे, तरी लिहून ठेवतो).

वेताळाच्या देवळाजवळचा माथा मोकळा ठेवा. तिथून एका बाजूला पाषाण, एका बाजूला कोथरूड असं सगळं पुणं दिसतं, तिथे डोळ्यांसमोर कसलाही बोर्ड नको. सगळ्या टेकडीवर मिळून आठ-दहा पाट्या खूप झाल्या.

शेवटचं म्हणजे टेंडर काढून एकदम पक्क्या पाट्या छापू नका. आधी साध्या पुठ्ठ्यावर मजकूर लिहून, प्लॅस्टिकमधे घालून बांबूला अडकवा आणि एक रविवार लांब बसून बघा, कोण थांबतं, कुठल्या ओळीपर्यंत वाचतं, वाचून झाल्यावर वर बघतं की तसंच पुढे जातं. टेकडीवर गुरं चारणारे कुणी भेटले तर त्यांनाही दाखवा, गवताची नावं त्यांच्याकडून तपासून घ्या. कुसळाच्या पाटीसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा, तेव्हा मोज्यांत भरपूर माल असतो.

आपला,
एक नियमित टेकडीकर, कोथरूड, पुणे